शाळेचं स्काउट पथक हाती घेण्याआधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही नाशिकला खासगी नोकरीत आहात. मुलगा सहावीत आहे. त्याच्या शाळेत स्काउट पथक आहे, पण नावापुरतं. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गणवेश बाहेर निघतो आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात जातो. पालकसभेत तुम्ही त्याबद्दल बोललात, तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मग तुम्हीच घ्या ना चालवायला." आता तुम्हाला विचारायचंय की लहानपणी स्काउट नव्हतो, एक गाठ धड येत नाही, आठवड्याला किती वेळ जाईल, आणि आपल्याला हे जमेल का.

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तेवीस वर्षं स्काउट पथक चालवतोय. नोकरी लोको शेडमध्ये, पाळ्यांची. मीही लहानपणी स्काउट नव्हतो. कॉलनीतल्या पथकाचे सर बदलीवर गेले, मुलं दोन शनिवार मैदानावर येऊन नुसतीच परत गेली, आणि तिसऱ्या शनिवारी मी जाऊन उभा राहिलो. तेव्हा मी ३१ वर्षांचा होतो. त्यामुळे 'गाठी येत नाहीत' या काळजीतून तुम्हाला आत्ताच मोकळं करतो. गाठी, बांधण्या, शिट्टीचे संकेत, होकायंत्र, प्रथमोपचार हे सगळं प्रशिक्षणात शिकवतात, आणि हाताला सवय लागायला महिनाभर पुरतो.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेला तुम्ही मैदानावर हजर असाल का? पावसाची भुरभुर असताना, मार्चअखेरीच्या गडबडीत, घरात लग्न असताना? आणि बारा वर्षांचा मुलगा तुमच्या डोळ्यांदेखत चुकत असताना तुम्हाला हात पाठीमागे ठेवून उभं राहता येईल का? या दोन्हींचं उत्तर हो असेल, तर तुम्हाला जमेल. पहिली गोष्ट बहुतेकांना अवघड वाटते. माझ्या अनुभवात अवघड दुसरीच आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधी सांगतो. आमचं पथक रेल्वेचं. भारत स्काउट्स आणि गाईड्स संस्थेत रेल्वेच्या झोनना राज्यासारखाच वेगळा दर्जा आहे, त्यामुळे आमची कागदपत्रं वेगळ्या वाटेने जातात. तुमचं शाळेचं पथक जिल्ह्याच्या संस्थेला जोडलेलं असेल. तिथल्या जिल्हा संघटकांना भेटून आधी दोन गोष्टी विचारा: या शाळेच्या पथकाची यंदाची नोंदणी झाली आहे का, आणि आता कोणाच्या नावावर वॉरंट आहे. वॉरंट म्हणजे पथक चालवण्याचं अधिकारपत्र. महाराष्ट्रात बहुतेक पथकं शाळांची आणि स्काउट मास्टर म्हणजे तिथलेच शिक्षक, अशी रीत पडली आहे. पण शिक्षक असलंच पाहिजे असं नाही. कदाचित एखाद्या शिक्षकाच्या नावावर वॉरंट असेल आणि त्यांच्या डोक्यावर परीक्षा, जनगणना, निवडणूक असं सगळं असेल. त्यांना बाजूला सारू नका. त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून सुरुवात केलीत तर शाळेत तुमचा एक माणूस तयार होतो, आणि त्याची गरज तुम्हाला पहिल्याच शिबिराच्या परवानगीला लागते.

शाळेत मुलीही असतील आणि त्यांनाही यायचं असेल. गाईडच्या पथकाला स्त्री नेतृत्व लागतं, ते तुम्ही चालवू शकत नाही. एखादी शिक्षिका किंवा आई शोधा आणि दोघं मिळून एकाच वारी, एकाच मैदानावर सुरू करा. त्यांना वाटत असेल की गाईडिंग म्हणजे मुलांच्या स्काउटिंगची नक्कल, तर त्यांना पुण्याला आळंदी रस्त्यावरचं 'संगम' दाखवून आणा. जगातल्या गर्ल गाईड चळवळीची अशी मोजकी केंद्रं आहेत, त्यांतलं एक १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे. आमच्या कॉलनीतल्या गाईड कॅप्टन तिथे एकदा जाऊन आल्या आणि त्यानंतर त्यांनी मला शिबिराच्या नियोजनात कधी पुढे बोलू दिलं नाही. ते फार चांगलं झालं.

आता हात पाठीमागे ठेवण्याबद्दल. स्काउटिंगचा सगळा गाभा संघ पद्धतीत आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये या चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा वीसेक मुलं होती, काही बड्या शाळांतली, काही कामकरी घरांतली. त्यांचे त्यांनी चार संघ केले आणि प्रत्येकाला त्यांच्यातलाच एक नायक दिला. आजही सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि असे चार संघ मिळून ३२ मुलांचं पथक अशीच रचना आहे. मोठा माणूस संघनायकांना शिकवतो, संघनायक आपापल्या संघाला शिकवतात. म्हणजे तुमचं काम ३२ मुलांना शिकवणं हे नाही. तुमचं काम चार मुलं तयार करणं हे आहे. हे वाचायला सोपं आहे, पण मला ते कळायला तीन वर्षं लागली.

कसं कळलं ते सांगतो. दुसऱ्या वर्षी सातपुड्यात पालला शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूंची आणि गॅझेटांची तपासणी. गॅझेट म्हणजे काठ्या आणि दोरी एवढ्यावरच बनवलेल्या वापरायच्या वस्तू: चपला-बूट ठेवायचं स्टँड, भांड्यांची मांडणी, हात धुवायची जागा. आमच्या एका संघाने बुटांचं स्टँड केलं होतं, पण ते डुगडुगत होतं. मुलं दमून झोपली. रात्री साडेदहाला मी टॉर्च घेऊन गेलो, सगळ्या बांधण्या सोडल्या आणि स्वतः नव्याने, घट्ट बांधल्या. सकाळी आमच्या पथकाला पहिला क्रमांक मिळाला. बक्षीस घ्यायला त्या संघाचा नायक पुढे गेला, परत येऊन ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सर, हे तुमचंय." चिडून नाही म्हणाला. खरं होतं म्हणून म्हणाला. तो मुलगा त्या वर्षी पुढच्या एकाही शिबिराला आला नाही.

पुढच्या वर्षी तसंच स्टँड, दुसरा संघ. मी लांबून बघत होतो. चौकोनी बांधणी करताना उभ्या काठीवर आडव्या काठीच्या खाली क्लोव्ह हिच नावाची गाठ टाकायची, मग दोन्ही काठ्यांना धरून दोरीचे तीन वेढे द्यायचे. इथपर्यंत मुलं बरोबर करतात. त्यानंतर दोन काठ्यांच्या मधून, त्या वेढ्यांवरूनच, दोन आवळणारे फेरे द्यायचे असतात; त्यांना फ्रॅपिंग म्हणतात. सगळी घट्टी त्यातच असते, आणि घाईत मुलं नेमकं तेच विसरतात. हा संघही विसरला. मला दिसत होतं. मी काही बोललो नाही. पहाटे साडेपाचला धाडकन आवाज आला, सोळा बूट दवाने भिजलेल्या मातीत. तिथे जाऊन मी एकच विचारलं, "कुठून सुटलं?" नायक गुडघ्यावर बसला, सुटलेली दोरी बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "मधून आवळलंच नाही आपण." त्या मुलाने नंतर किती धाकट्यांना ती बांधणी शिकवली याची गणती नाही. प्रत्येकाला तो आधी मधले फेरे दाखवायचा.

तर मग काहीच सांगायचं नाही का? सांगायचं, आणि पुष्कळ सांगायचं, पण आधी आणि संघनायकांना. माझी पद्धत अशी की शनिवारच्या सभेच्या आधी, गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास चार नायक आणि त्यांचे उपनायक येतात. शनिवारी जे करायचं ते त्यांनी माझ्याकडून गुरुवारी शिकून घ्यायचं. शनिवारी ध्वजवंदन, प्रार्थना, हजेरी, एक खेळ हे पथकाचं; मग पाऊण तास मैदानाचे चार कोपरे चार संघांचे. मी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरतो आणि वहीत लिहून घेतो. जे चुकतंय ते पुढच्या गुरुवारी काढतो. चार मुलांदेखत सुधारणं वेगळं आणि बत्तीस मुलांदेखत वेगळं. ज्या नायकाला तुम्ही त्याच्या संघासमोर खोडून काढता, त्याचं त्याच्या संघात पुढे कोणी ऐकत नाही.

कुठे थांबायचं आणि कुठे मध्ये पडायचं, याची माझी एक रेघ आहे. गैरसोय असेल तर थांबायचं, धोका असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. वरण खारट झालं ही गैरसोय. तंबूच्या भोवती चर खणला नाही आणि सतरंजी भिजली, ही गैरसोय. मूल कुडकुडायला लागलं की तो धोका. पाणी, उंची, विस्तव, रात्रीचा रस्ता, वाहन यांच्याजवळ शिकवणीबिकवणी काही नसते, तिथे मोठ्यांचा शब्द शेवटचा.

विस्तवाचं उदाहरण देतो. भांड्यांशिवाय स्वयंपाक हा स्काउटचा एक पाठ आहे. आम्ही खानदेशातले, आम्हाला त्यासाठी लांब जावं लागत नाही. डिसेंबरात भरताची मोठी हिरवी वांगी येतात आणि शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पडलेल्या असतात, त्यांना आम्ही पऱ्हाट्या म्हणतो. पऱ्हाट्यांचा जाळ भरकन उठतो आणि भरकन बसतो, वांग्याला एक वेगळाच वास लागतो. आठ जणांना किती वांगी लागतील, बाजारात भाव काय, दाणे-मिरच्या-लसूण-कांद्याची पात किती, हे सगळं संघाने ठरवायचं, आणायचं, हिशेब लिहायचा. एका संघाने एकदा दोन किलो वांग्यांना मूठभर मिरच्या भाजून घातल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी खाल्लं त्यांनी, कारण दुसरं काही नव्हतं. मी माझ्या डब्यातलं दिलं नाही. पण पऱ्हाट्या पेटवताना मात्र मी प्रत्येक चुलीशी एक मोठं माणूस, एक भरलेली बादली आणि एक ओलं पोतं असल्याशिवाय काडी ओढू देत नाही, आणि नायलॉनचा शर्ट घालून कोणी जाळाजवळ आलं तर त्याला मागे पाठवतो. त्यात चर्चा नाही.

पाण्याबद्दल मी त्याहून कडक आहे. माझ्या पथकात धरण, नदी, समुद्र कुठेही मुलं पाण्यात उतरत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. ती तर मोठी मुलं होती. हतनूर धरणावर आम्ही पक्षी बघायला जातो, तेव्हा काठापासून अंतर ठरवून घेतो आणि दर अर्ध्या तासाला प्रत्येक संघनायक आपली डोकी मोजून मला बोटांवर आकडा दाखवतो. मी एकट्याने ३२ मोजले तर एखादा चुकेल. आठ मोजणारा चुकत नाही.

सुरक्षिततेचं दुसरं अंग बोलायला अवघड वाटतं म्हणून बरेच जण टाळतात. तुम्ही टाळू नका. शिबिर असो की सभा, किमान दोन मोठी माणसं हजर पाहिजेत. एका मुलासोबत बंद खोलीत किंवा तंबूत तुम्ही एकटे थांबायचं नाही; समजावून सांगायचं असेल तर मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असं. मोठ्यांचा तंबू वेगळा. मुलांशी खासगी व्हॉट्सॲप नाही, निरोप पालकांच्या ग्रुपवर. हे नियम तुमच्यावर संशय म्हणून नाहीत. मुलाला आणि तुम्हाला, दोघांनाही त्यांचा आधार आहे. कुठल्याही मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आपण आधी संस्थेत बोलू, बघू' असं कोणी म्हटलं तरीही. मुलांकडून १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून घ्या; मी तो पहिल्याच सभेत सांगतो.

शिबिराला निघण्यापूर्वी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या, आणि त्याच कागदावर दमा, फिट, ॲलर्जी, चालू गोळ्या लिहून घ्या. सगळ्यांदेखत विचारलं तर पालक सांगत नाहीत, कागदावर लिहितात. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय कुठलं, तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन किंवा फोनवर विचारून घ्या. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, दोरीने करकचून आवळणं यांतलं काहीही करायचं नाही. मुलाला चालवायचं नाही. दंशाचा हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी, कडं, बूट काढायचे, १०८ ला फोन करायचा आणि सरळ रुग्णालय गाठायचं. आमच्यावर ती वेळ आलेली नाही, पण दरवर्षी आम्ही तिची रंगीत तालीम करतो.

तुमचा मुलगा त्याच पथकात असेल, त्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला वाटतं तुमच्या मनातला मोठा प्रश्न तो आहे. माझा मुलगा पाच वर्षं माझ्या पथकात होता. मी पक्षपाती दिसू नये म्हणून चूक कोणाचीही असो, आधी त्याला ओरडायचो. दोन वर्षं असं चाललं. मग एका रात्री माझी बायको म्हणाली, "तो शनिवारी सकाळपासून जेवत नाही, तुमच्या लक्षात आलंय का?" आलं नव्हतं. त्यानंतर मी माझ्या सहायकाला सांगितलं की याचं कौतुक, याची शिक्षा, याच्या चाचण्या सगळं तुमच्याकडे. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हेच करा. मैदानावर तो तुम्हाला 'सर' म्हणेल, घरी 'बाबा'. पथकातलं घरी जेवताना काढू नका. आणि त्याने संघनायक व्हायचं की नाही हे त्याच्या संघाने ठरवू द्या.

शिस्तीबद्दल थोडं. मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, उठाबशा, कान धरून उभं करणं यांतलं काही नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. स्काउटिंगमध्ये यासाठी कोर्ट ऑफ ऑनर आहे: संघनायक बसतात, तुम्ही सल्लागार असता. एक गोष्ट लक्षात ठेवा, मुलं मोठ्यांपेक्षा कडक असतात. आमच्याकडे एकाने खरी कमाईच्या, म्हणजे मुलांनी कष्टाने मिळवलेल्या पैशांच्या, डब्यातले साठ रुपये घेतले होते. नायकांनी दहा मिनिटांत ठरवलं, पथकातून काढायचं. मी फक्त एवढंच म्हणालो की निर्णय पुढच्या गुरुवारी घेऊ, आणि दरम्यान त्याच्या संघनायकाने त्याच्या घरी जाऊन यावं. तो जाऊन आला. त्या घरात काय पाहिलं ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी म्हणाला, "याला राहू द्या, पैसे मी त्याच्याकडून थोडे थोडे घेईन." घेतलेही.

खरी कमाईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कल्पना चांगली आहे, मुलांनी कष्टाने चार पैसे मिळवावेत. पण पुष्कळ ठिकाणी आया घरून भेळ आणि वडे करून देतात, मुलं टेबलामागे उभी राहून विकतात आणि आयाच येऊन विकत घेतात. त्यात कमाई कोणाची? आमची मुलं कॉलनीतल्या सायकली धुतात, पंक्चर काढतात, जुनी रद्दी गोळा करतात. एका दिवसात एका संघाला दोनशे-अडीचशे रुपये मिळतात आणि ते दोनशे रुपये कसे खर्च करायचे यावर ती तासभर बोलतात. हिशेबाची वही उघडी ठेवा, कोणत्याही पालकाला बघता आली पाहिजे. खिशातून गुपचूप पैसे घालू नका. दुसऱ्या वर्षी तेच गृहीत धरलं जातं आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला ते झेपत नाही. गणवेशासाठी घाई करू नका. सुरुवातीला स्कार्फ आणि तो गळ्याशी अडकवायची कडी, म्हणजे वॉगल, पुरे. ज्यांना गणवेश लहान झाला त्यांच्याकडून मागून घेऊन आम्ही एक पेटी भरली आहे. जून महिन्यात ती उघडते, आणि ज्याला जो बसेल तो तो घेतो, विचारपूस होत नाही.

पालक तुमच्याकडे एका गोष्टीसाठी हमखास येतील: राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार आणि दहावीचे सवलतीचे गुण. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग पुरस्कार असा क्रम आहे आणि प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो, म्हणून सहावी ही सुरुवातीसाठी योग्य वेळ आहे. आठवीच्या शेवटी येऊन 'एवढं बसवून द्या' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. दुसऱ्याची लॉगबुक बघून उतरवलेल्या लॉगबुकवर सही करू नका. एकदा केलीत की पुढच्या प्रत्येक मुलाला कळतं की सही अशीही मिळते.

मुलांना याहून वेगळं काय मिळतं, ते मला मे महिन्यात फलाटावर दिसतं. भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो. गाडी येते तेव्हा जनरल डब्याच्या खिडक्यांतून रिकाम्या बाटल्या धरलेले हात बाहेर येतात. आमची मुलं परवानगी घेऊन पाणी भरायला उभी असतात. गाडी थांबते ती मोजकी मिनिटं. पहिल्या वर्षी सगळी एकाच डब्याकडे धावली. दुसऱ्या वर्षी एका नायकाने आदल्या दिवशी फलाटावर खडूने खुणा केल्या, जनरल डबे कुठे लागतात ते हमालांना विचारून. प्रत्येक दाराला दोघं, एक बाटल्या घेणारा, एक भरणारा, गाडी हलली की पिवळ्या पट्टीच्या मागे. त्यांतला एक मुलगा वर्गात उभा राहून स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायचा. त्या दिवशी तो खिडकीतल्या माणसाला ओरडून सांगत होता, "काका, झाकण काढून द्या, वेळ जातो!" मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं आणि मला नीट सांगता येईना.

वेळेचं गणित थोडक्यात सांगतो. आठवड्याची सभा दोन तास, संघनायकांबरोबर अर्धा तास, तुमची तयारी आणि फोन मिळून एक-दीड तास. म्हणजे आठवड्याला चार तास. दीड-दोन महिन्यांतून एक दिवसभराची हाईक, वर्षातून एक तीन-चार दिवसांचं शिबिर. पहिल्या वर्षी त्यात आठवडाभराचा निवासी बेसिक कोर्स. तो चुकवू नका. तिथे तुम्हाला एका संघात टाकतात, भांडी घासायला लावतात, शिट्टीवर पळवतात, आणि बारा वर्षांच्या मुलाला सरांचा आवाज कसा ऐकू येतो ते तुम्हाला चाळिशीच्या आत कळतं. पुढे ॲडव्हान्स्ड आणि हिमालय वुड बॅज हे प्रशिक्षणाचे वरचे टप्पे आहेत. त्यासाठी पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जायचा योग आला तर रजा टाकून जा. पण त्याची आत्ता घाई नाही.

चार तास नसतील, दोनच असतील, तर तसं स्पष्ट सांगा आणि सहायक व्हा, किंवा तुम्हाला जे येतं त्या एका विषयाचे परीक्षक व्हा: सायकल, नकाशा, विजेची दुरुस्ती, काहीही. असा माणूस पथकाला फार उपयोगी पडतो. पथक पूर्ण हाती घ्यायचं असेल तर मनाशी तीन वर्षं धरा, म्हणजे आज सहावीत असलेली मुलं आठवी पार करेपर्यंत. सहा महिन्यांनी सोडायचं असेल तर सुरूच करू नका. माझ्या मैदानावर दोन शनिवार येऊन परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि सुरुवात ३२ मुलांनी करू नका. बाई म्हणतील, सहावी-सातवीचा अख्खा वर्ग घ्या. तुम्ही आठच मागा, वेगवेगळ्या वर्गांतली, आणि त्यांत दोन तरी अशी की ज्यांच्याबद्दल शिक्षकखोलीत तक्रार असते. तीन महिने या आठांनाच शिकवा. दिवाळीनंतर पथक सगळ्यांना खुलं कराल तेव्हा त्यांतले चार तुमचे संघनायक असतील आणि उरलेले चार उपनायक. पहिल्या शनिवारी प्रत्येकासाठी दोन मीटर सुती दोरी घेऊन जा. नायलॉनची नको, गाठ सरकते. दोरीची टोकं मुलांनाच दोऱ्याने बांधून घ्यायला लावा, नाहीतर महिन्यात तिचे पीळ सुटतात. स्काउट संस्थेच्या जिल्हा कार्यालयात जाताना मुख्याध्यापिका बाईंचं संमतीपत्र शाळेच्या शिक्क्यासह सोबत ठेवा. ते नसेल तर दुसरी फेरी पडते, आणि तोवर जूनमधले दोन शनिवार निघून जातात.